पेवाच्या कडेची ज्वारी

आमच्या घरात जेवायचा एक क्रम होता आणि कुणाच्या अंगावर काय उठायचं ते त्या क्रमावर ठरायचं. मला हे कळलं तेव्हा मी परकर नेसत होते. कळलं ते मोठ्यानं बोलले, म्हणून माझा डावा कान कायमचा गेला. अजूनही त्या बाजूनं कुणी बोललं तर मला ऐकू येत नाही. लोकांना वाटतं, म्हातारी शिष्ट आहे. वाटू दे, मला काय त्याचं.

आमचं गाव नळदुर्गाच्या अलीकडं, सडकेपासून जरा आत. राज्य निजामाचं. लढाई कुठंतरी लांब चालली होती आणि आमच्या दाराशी लेव्ही येऊन बसली होती. पिकलं की सरकार सांगेल तेवढं धान्य सरकारात घालायचं आणि उरलेल्यात घर चालवायचं. उरलेलं पुरायचं नाही, म्हणून जो तो लपवायचा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, गोठ्यात पेव खणलं. जमिनीत माणूसभर खोल खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. शहाणा माणूस आधी पेव वाळू देतो, आतून कडब्याचा जाड थर देतो, मग त्यात धान्य ओततो. आप्पांना तेवढा दम कुठला! गिरदावर, म्हणजे वसुलीवरचा साहेब, शेजारच्या गावात आलाय असं कळलं आणि त्यांनी घाईघाईनं ज्वारी ओतली, तोंडावर फरशी लोटली, वरून शेणामातीनं सारवलं आणि त्यावर बैल बांधले. बैलांनी पावसाळाभर आपलं काम केलं आणि सगळं मूत खाली मुरत गेलं.

दसऱ्याच्या सुमाराला पेव उघडलं तेव्हा मधली ज्वारी पांढरी निघाली. कडेची मात्र काळी पडलेली, गठ्ठे झालेली, आणि वास असा कुबट की अव्वानं नाकाला पदर लावला. अव्वा म्हणजे माझी आई. कानडी मुलूख जवळ, त्यामुळं आमच्यात आईला अव्वाच म्हणतात.

"टाकून द्यावी ही," अव्वा म्हणाली.

"टाक की, टाक! उकिरड्यावर टाक! मग गिरदावर वासावर येतोय आन् मला चावडीत उलटा टांगतोय!" आप्पा ओरडले. म्हणजे दबक्या आवाजात ओरडले. त्या दिवसांत आमच्या घरातलं सगळं ओरडणं, सगळी मारहाण दबक्या आवाजातच चालायची. पेवानं आम्हाला ती सवय लावली होती.

तसं त्यांचं म्हणणं खरं होतं. नासकी ज्वारी गावात कुठंही दिसली असती तर पेव आहे हे सांगायला वेगळा माणूस लागला नसता. परत पुरावी तर चांगलीला लागून तीही नासायची. शिवाय पिकवलेला दाणा फेकायला आप्पांचा हात उचलत नव्हता. म्हणून आधी ती बैलाला घातली. बैलाचं पोट टम्म फुगलं, तोंडातून फेस आला, तो पाय झाडायला लागला. आप्पांनी विळा लाल करून त्याच्या पोटावर डाग दिले. अव्वानं त्याच दिवसापासून त्याची काळी ज्वारी बंद केली. बैल वाचला. आप्पा भेटेल त्याला सांगत सुटले, "डाग दिला म्हून वाचला गड्या, न्हायतर गेला हुता." ज्वारी बंद केली होती हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. दुसरा बैल काही कुठून येणार नव्हता, तेव्हा काळी ज्वारी मग सुनेच्या वाट्याला आली.

हसू नका. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. अव्वा दोन दुरड्या वेगळ्या ठेवायची. पांढऱ्या दुरडीतली भाकरी आधी आप्पांना आणि दादाला, मग मला, मग उरलीसुरली अव्वाला. सगळ्यात शेवटी काळ्या दुरडीतली वैनीला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि वैनी त्याची बायको. सरहद्दीपलीकडच्या गावची, उंच, हाडापेरानं मजबूत, हसली की सगळं अंग हलायचं. माझी वेणी तीच घालायची. मला चुलीपुढून उठवून अव्वानं चापट मारली की वैनी मला तिच्या पाठीशी घ्यायची आणि कानडीत काहीतरी पुटपुटायची. ते मला कळायचं नाही, पण माझ्या बाजूचं असायचं. माझा जीव होता तिच्यावर.

दिवाळीच्या आधीपासूनच वैनीचं अंग उठायला लागलं. दिवेलागणीला ती जेवायची आणि भांडी घासून होईपर्यंत पोट गुडगुडायला लागायचं. आंबट ढेकर, मळमळ, परसाकडं पळापळ. मग मानेपासून गांधी उठायच्या, लाल, जाड, एकीत एक मिसळत पोटापर्यंत. ओठ सुजायचे, डोळे बारीक व्हायचे. खाजवून खाजवून ती रक्त काढायची. अव्वा म्हणाली, पित्त आहे. तिनं गेरू लावला, अंगावर घोंगडी घासली, ओवा चावायला दिला. रात्र सरताना उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत हजर.

सोमवारी वैनीचा उपास असायचा. भगर खायची. सोमवारी एक गांध उठायची नाही. हे आप्पांनी पाहिलं. पाहिलं ते बरोबर पाहिलं, आणि त्यातून काढलं काय? तर ही खादाड आहे! खाल्लं की उठतं, न खाल्लं की उठत नाही, म्हणजे हिच्या पोटालाच हाव आहे आणि ती हाव कातडीतून बाहेर पडते. झालं, दादाला एवढंच पाहिजे होतं. वैनी जेवायला बसली की तो दारात उभा राहायचा. तिनं दुसरी भाकरी घेतली की कमरेत लाथ. एकदा तिनं पाण्याबरोबर घास गिळला तर त्यानं तिचं तोंड धरून बोटं घालून तो बाहेर काढला. आप्पांचा आसूड दाराजवळच्या खुंटीला असायचा. तो बैलांवर कमी आणि तिच्या पाठीवर जास्त चालला त्या हिवाळ्यात. ती तोंडात पदर कोंबून मार खायची, कारण आवाज बाहेर गेला तर परत वेगळा मार.

त्यात तामलवाडीला आमच्या नात्यात लग्न निघालं. अव्वाची कंबर धरली होती, म्हणून कामाला हात लावायला वैनीला धाडलं आणि सोबत मला. तिथं वैनी पोटभर जेवली. भाकरी खाल्ली, पुरणपोळी खाल्ली, तेलकट कट खाल्ला, पंगतीतली शिळी बुंदीसुद्धा खाल्ली. मी टक लावून बसलेली, आता उठेल, मग उठेल. छे! अंगावर एक गांध नाही. ती तिथं असेतो पोट गुडगुडलं नाही. खादाडपणाचा रोग असता तर ती लग्नघरात फुटून मेली असती. परत आलो, पहिल्याच संध्याकाळी काळ्या दुरडीतली भाकरी तिनं खाल्ली आणि घ्या, मान लाल. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गाडीत बसून येताना माझं तेच चाललं होतं, पण आता शंका उरली नाही.

मी अव्वाला गोठ्यात गाठलं. "अव्वा, ते काळ्या ज्वारीनं उठतंय तिला."

अव्वानं शेणाचा हात माझ्या तोंडावर दाबला. "माहीत हाय मला."

"माहीत हाय? मग देतीस कशाला?"

"मग कुणाला देऊ? तुझ्या बापाला? चार दिस खाजंल आन् संपंल ज्वारी. तू गप."

अव्वाला माहीत होतं. मला त्या क्षणी तिच्या झिंज्या उपटाव्या वाटल्या. आई असली म्हणून काय झालं? मी म्हटलं, थांब, दाखवतेच सगळ्यांना. त्या संध्याकाळी मी माझी पांढरी भाकरी वैनीच्या ताटात टाकली आणि तिची ओढून घेतली. वैनी "बेडा, बेडा" म्हणत हात धरत होती, नको म्हणत होती. मी ऐकते होय! आंबूस, कडसर, घशात अडकणारी भाकरी मी सगळी खाल्ली. भांडी घासून होईपर्यंत माझं पोट गुडगुडायला लागलं. मग मांड्यांवर गांधी आल्या, मग पोटावर, मग चेहऱ्यावर. ती खाज सांगता येत नाही, कातडी सोलून फेकून द्यावी वाटते. आणि एवढं होऊन मला आनंद झाला होता. मी नाचत आप्पांपुढं गेले, "बघा! मी खाल्ली, मला बी उठलं!"

आप्पांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ते ज्वारीचं बोललेच नाहीत. "लागण झाली," ते म्हणाले. "हिनं पोरीला लावलं! आता हिला कोण करणार?" माझं लग्न त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असणार. मी "ज्वारी, ज्वारी" म्हणून ओरडत होते आणि दादा माझं तोंड दाबत होता. माझी शहानिशा माझ्याच डोक्यावर उलटली. त्याच दिवशी वैनीला गोठ्यात काढलं. तिचं ताट वेगळं, पाणी वेगळं. तिच्या भावाकडं निरोप गेला, तुमची बहीण रोगी निघाली, घेऊन जा. दादा उघड बोलायला लागला की दुसरी बघू. आणि गोठ्यात तिला खायला काय, तर तीच काळी भाकरी, आता तर घरच्यांचं उष्टंसुद्धा नाही.

माहेरी रोगी म्हणून गेलेल्या बाईचं काय व्हायचं ते मला त्या वयातही कळत होतं. मागल्या आळीतली एक बाई अशीच परत आलेली, तिला मारुतीच्या देवळामागं झोपडी घालून दिली होती आणि पोरं तिला दगड मारायची. वैनीचं तसं होणार होतं. मी अव्वाच्या पाया पडले. अव्वा जात्यावर बसली होती, ती दळतच राहिली.

मग एका सकाळी वैनीचे ओठ इतके सुजले की तिला श्वास घेता येईना. आप्पा म्हणाले, तिचा भाऊ यायच्या आत एकदा डाग देऊन बघू. बैल नव्हता का उठला? बैलाला लागू पडलं ते सुनेला का पडू नये, असा त्यांचा हिशेब. अव्वानं चूल पेटवली. व्हय, अव्वानंच. विळा लाल झाला. दादानं वैनीला गोठ्यात उताणी पाडलं, तिच्या हातांवर गुडघे ठेवले आणि तोंडात धोतराचा बोळा कोंबला. कारण गिरदावर त्याच सकाळी आमच्या गावात आलेला, चावडीत बसलेला, आणि चावडी आमच्या दारापासून हाकेवर.

पहिला डाग बसला. मांस जळल्याचा वास आला, वैनीचे पाय ताडकन वर आले आणि फरशीवर आपटले. त्याच फरशीवर, जिच्याखाली पेव. मी दादाच्या दंडाला चावले, रक्त आलं तरी सोडेना. त्यानं कोपर मारून मला उडवलं. आप्पा विळा परत चुलीत धरून आले. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी दाराबाहेर पळाले आणि गल्लीत उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडले.

"गोठ्यात पेव हाय आमच्या! त्यातली नासकी ज्वारी खाऊन वैनीचं अंग उठतंय! बैल बी तीच खाऊन फुगला हुता! काढा ते पेव, काढा!"

चावडीत कोण बसलंय हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच चावडीकडं तोंड करून ओरडले. दुसरा डाग पडला नाही, कारण आप्पा विळ्यासकट माझ्यामागं धावले होते. विळ्याची मूठ माझ्या कानशिलावर बसली. पात्याला लागून केस चर्रकन जळले. कानात एकच शिट्टी वाजली आणि मग त्या बाजूला काहीच उरलं नाही.

शिपाई आले. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही. त्यांनी बैल सोडले, फरशी उलथली, वाकून वास घेतला आणि हसले. मग आप्पांना अंगणात पाडून बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज माझ्या उरलेल्या कानानं ऐकला. दादाला बैलाच्या खुंट्याला बांधून त्याच आसुडानं फोडलं. तो "अव्वा, अव्वा" करून रडत होता. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, अजून मारा मेल्याला. पांढरी ज्वारी आमच्याच गाडीत, आमच्याच बैलांवर घालून नेली. काळीचा ढीग तेवढा अंगणात टाकून गेले. सरकारलाही ती नको होती.

गाव मला तोंडावर म्हणायचं, घरबुडवी. म्हणू दे. त्यानंतर आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळेल ते खाल्लं, कण्या, हरभऱ्याचा पाला, कधी नुसतं ताक. वैनीनंही तेच खाल्लं. तिचं पोट गप झालं आणि गांधी थांबल्या. पुढं म्हातारपणी सोलापूरच्या एका डॉक्टरला मी विचारलं, तर तो म्हणाला, बुरशी असेल, पोट बिघडलं की कातडीवर येऊ शकतं, पण आता पक्कं कसं सांगणार? मी म्हटलं, बाबा, तू नको सांगू, मी खाऊन बघितलंय.

आप्पा हाताला कामट्या बांधून पडलेले. त्यांनी वैनीचा उघडा दंड बघितला, निर्मळ. म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला. कामाला माणूस लागतंयच." चुकलो असं म्हणाले नाहीत. मी मात्र आनंदानं उड्या मारायच्या बाकी ठेवल्या होत्या. वैनी राहणार होती. त्यासाठीच तर सगळं केलं होतं मी.

आणि तिचा भाऊ गाडी घेऊन आला. आधीच्या निरोपावरून निघालेला, मधलं त्याला काही माहीत नाही. त्यानं बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आप्पांना विचारलं, "रोग हाय म्हणालात. कुठं हाय?" वैनीनं पाठ फिरवून पदर खाली केला. वळावर वळ, काही सुकलेले, काही ओले. मग पुढं वळून पोटावरचा डाग दाखवला, विळ्याच्या आकाराचा, अजून पाणी सुटलेला. भावानं गाडीच्या कडेचा दांडका उपसला आणि दादाच्या दिशेनं गेला. वैनीच आडवी आली. कानडीत काहीतरी म्हणाली आणि गाडीत चढून बसली.

मी चाकाला मिठी मारली. "वैनी, आता कशाला जातीस? आता बरी हायेस की तू! आप्पा ऱ्हा म्हणाले!"

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, जिथं जळले होते तिथं. "बरी हाय म्हूनच जाते, बाई. रोगी हुते तवा कुठं गेले असते? माझ्या बापानं बी दारात घेतलं नसतं. आता धड हाय तवर जाऊ दे मला."

"आन् माझं काय?" मी ओरडले.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ती उतरली नाही. भावानं बैल हाणले. मी गाडीमागं दगड फेकले, तिला शिव्या दिल्या, तुझा मुडदा बशिवला म्हटलं. ती मागं बघत होती, दिसेनाशी होईतो.

त्या संध्याकाळी आत्यानं धाडलेली थोडी पांढरी ज्वारी घरात आली. अव्वानं भाकरी केल्या. आप्पा जेवले, दादा जेवला. मग अव्वानं माझ्यापुढं ताट ठेवलं. ताटात अंगणातल्या ढिगातली काळी भाकरी.

"पांढरी पुरली न्हाय," अव्वा म्हणाली.

"तिलाच घाल ती," बाजेवरून आप्पा म्हणाले. "तिनंच आणली ही पाळी."

मी ताट उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. भाकरीचे तुकडे आप्पांच्या बाजेखाली गेले. आप्पांनी डावा हात उगारला, पण उठता येईना. दादा उठला, तर अव्वानं त्याला एका हातानं मागं लोटलं. तिनं हे पूर्वी कधी केलं नव्हतं. मग ती वाकली, बाजेखालचे तुकडे एकेक गोळा केले, फुंकून माती उडवली आणि आमच्याकडं पाठ करून कोपऱ्यात बसली. सगळे तुकडे तिनं खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्याली.

मला तिनं रात्री कण्या शिजवून दिल्या. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं. दिवेलागणीला मी चुलीपाशी गेले तेव्हा अव्वा पदराआड मान खाजवत बसली होती.